शाळेची वाट : अर्नाळ्याच्या रस्त्याचा एक अभ्यास

विद्यार्थिमित्रहो, आपणांस दररोज जो पहिला धडा मिळतो तो कोणत्याहि पुस्तकांत छापलेला नसतो. घराचा उंबरठा ओलांडल्यापासून शाळेची घंटा कानीं पडेपर्यंत जी वाट आपण चालतां, तीच आपली त्या दिवसाची पहिली शिक्षिका होय. कोठें थांबावें, कोठें वळावें, समोरून येणाऱ्यास वाट कशी द्यावी, हें सारें ती शिकविते. परंतु इतर शिक्षकांत आणि हिच्यांत एक मोठा भेद आहे. वर्गांत चूक झाली तर ती पाटीवरून पुसतां येते. रस्त्यावरील चूक कित्येकदां पुसतां येत नाहीं. म्हणून या वर्षींच्या अंकासाठीं लिहावयास बसलों तेव्हां आम्हीं दूरचा विषय सोडून आपल्या पायांखालचाच विषय घेतला. तो विषय म्हणजे अर्नाळ्याचा रस्ता, त्यावरील चौक व वळणें, आणि त्यांवरून पायीं किंवा सायकलवर जाणारीं माणसें.

वैतरणा नदी जेथें समुद्रास मिळते तेथें आपलें गांव वसलें आहे. समोरच्या बेटावरील जलदुर्ग मराठ्यांनीं इ. स. १७३७ मध्यें पोर्तुगीजांकडून घेतला व पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या आज्ञेनें त्याची नव्यानें उभारणी झाली, हें आपण इतिहासांत वाचलेंच आहे. त्या काळीं आणि त्यानंतरहि पुष्कळ वर्षें या भागांतील वाटा माणसाच्या पावलांनीं आणि बैलांच्या खुरांनीं पाडलेल्या होत्या. केळीच्या वाड्या, पानवेलींचे मळे, रहाटाच्या विहिरी आणि बावखलें यांच्या कडेकडेनें त्या वळत गेल्या. कोणाची वाडी मोडूं नये, कोणाचें बावखल बुजूं नये, म्हणून वाटेनेंच वळण घेतलें. बैलगाडीच्या गतीस तीं वळणें मुळींच जाचत नव्हतीं.

पुढें आगगाडी आली. इ. स. १८६७ मध्यें विरारहून मुंबईकडे लोकल गाडी जाऊं लागली व १९३६ मध्यें विरारपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली. आपल्या वाड्यांतील केळीं, फुलें, भाजी आणि कोळीवाड्यांतील मासळी आठ-दहा किलोमीटरांवरच्या विरार स्थानकाकडे याच वाटेनें जाऊं लागली. मग वाटेवर खडी पडली, खडीवर डांबर आलें, एस. टी. आली, रिक्षा आल्या. आणि आज आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशीं मुंबई-ठाण्याकडील मंडळी आपल्या किनाऱ्यावर हवा खावयास येतात, तीं मोटारींतून व दुचाकींवरून येतात. त्यांच्या येण्यानें गांवांतील अनेक घरांची चूल पेटते. तेव्हां त्यांस दूषण देण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस दाखवावयाचें आहे तें इतकेंच, कीं गाड्या बदलल्या, त्यांची गति बदलली, परंतु वाट पुष्कळ अंशीं तीच राहिली. बैलगाडीसाठीं पडलेल्या वळणावरून आज मोटार जाते, आणि त्याच वळणावरून पाठीस दप्तर लावलेला आपला विद्यार्थीहि जातो.

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्यास एक दु:खद निमित्त झालें. एका पावसाळ्यांत, सकाळच्या वेळीं, आठव्या इयत्तेंतील एक मुलगा सायकलवरून शाळेकडे येत होता. आडव्या गल्लींतून तो मोठ्या रस्त्यास लागत असतां त्यास मोटारीची धडक बसली. मोटार हांकणारे गृहस्थ परगांवचे होते. त्यांनींच त्यास उचलून दवाखान्यांत नेलें व त्याचे आईवडील येईपर्यंत ते तेथून हलले नाहींत. मुलाचा जीव वाचला, परंतु मांडीचें हाड मोडलें आणि सहामाही परीक्षा त्यास अंथरुणावरूनच पाहावी लागली. दुसऱ्या दिवशीं गांवांत जो तो म्हणूं लागला, "पोराचें लक्षच नव्हतें." कोणी म्हणालें, "मोटारवाल्यास डोळे नव्हते." त्या मुलास आम्ही भेटावयास गेलों तेव्हां तो आम्हांस म्हणाला, "गुरुजी, मीं खरोखर पाहिलें होतें. रस्ता मोकळा होता."

त्याच्या या शब्दांनीं आम्हांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. पाऊस उघडल्यावर एका शनिवारीं शाळा सुटल्यानंतर वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी व दोन पालक यांस घेऊन आम्ही त्या कोपऱ्यावर गेलों. मुलगा सायकल घेऊन जेथें थांबला असेल तेथें उभे राहून पाहूं लागलों. कोपऱ्यास लागून दोन गाड्या उभ्या केलेल्या होत्या, एका दुकानाचीं रिकामीं खोकीं रचलेलीं होतीं आणि कुंपणाची वेल रस्त्यावर आली होती. या सर्वांच्या आडून येणारी गाडी जेथें प्रथम डोळ्यांस पडे, तेथून आमच्यापर्यंत टेप धरली. अंतर चौदा मीटर भरलें. मुलगा खरें बोलत होता. त्यानें पाहिलें तेव्हां त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत रस्ता मोकळाच होता. परंतु तो टप्पाच अवघा चौदा मीटरांचा होता.

आतां चौदा मीटर म्हणजे किती, हें गणितानें पाहूं. मोटार हांकणाऱ्यास समोर कांहीं दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत, तो सावध असला तरी, सुमारें एक सेकंद जातो. हातांत मोबाइल असेल तर याहून पुष्कळ अधिक जातो. त्या सेकंदांत गाडी पूर्ण वेगानें पुढें जातच असते. ब्रेक लागल्यानंतरहि ती एकदम थांबत नाहीं. चाकें आणि रस्ता यांच्यांतील घर्षण तिचा वेग हळूहळू खाऊन टाकतें. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर हा वेग दर सेकंदास सुमारें सात मीटर-प्रति-सेकंद या मानानें कमी होतो असें धरूं.

ताशीं ३० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत ८.३ मीटर जाते व ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटर. म्हणजे ती एकंदर सुमारें १३ मीटरांत थांबते. ताशीं ५० किलोमीटर वेगाची गाडी पहिल्या सेकंदांतच जवळ जवळ १४ मीटर जाते व ब्रेक लागल्यावर आणखी तितकीच. म्हणजे तिला थांबण्यास सुमारें २८ मीटर लागतात. ताशीं ६० किलोमीटरांस हेंच अंतर साडेछत्तीस मीटरांवर जातें. वेग दुप्पट झाला कीं ब्रेकनंतरचें अंतर चौपट होतें, कारण धांवत्या वस्तूच्या अंगची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. विज्ञानाच्या पुस्तकांतील हें सूत्र परीक्षेपुरतें पाठ करूं नये. तें आपल्या हाडांशीं संबंध ठेवून आहे.

आतां त्या कोपऱ्याकडे परत वळूं. गाडी ३० च्या वेगानें आली असती तर ती मुलापासून दीड हातावर कां होईना पण थांबली असती, आणि दोघांनींहि घाबरून नि:श्वास टाकला असता. तीच गाडी ५० च्या वेगानें आली तर हांकणाऱ्याचा पाय ब्रेकवर पडतो न पडतो तोंच चौदा मीटर संपतात. म्हणजे धडक पूर्ण वेगानें बसते. आणि हा हिशेब कोरड्या रस्त्याचा आहे. पावसांत घर्षण निम्म्यावर आलें असें धरलें तर ३० च्या वेगासहि १८ मीटर लागतात व ५० च्या वेगास ४१ मीटरांहून अधिक. तेव्हां त्या सकाळीं मुलगा सावध होता, मोटार हांकणारे गृहस्थहि सज्जन होते, तरीहि धडक टळण्यासारखी नव्हती. कोपऱ्याची रचनाच अशी होती कीं तींत दोन निरपराध माणसें एकमेकांवर आदळावीं.

आमच्या मतें या अभ्यासांतील मुख्य धडा हाच आहे. माणूस चुकतो, मूल तर चुकणारच. चेंडू रस्त्यावर गेला कीं तें त्याच्या मागें धांवणारच. म्हणून ज्या रस्त्यावर लहानशा चुकीस हातपाय किंवा प्राण गमवावा लागतो, तो रस्ताच सुधारावयास पाहिजे. स्वीडनच्या लोकसभेनें इ. स. १९९७ मध्यें हेंच तत्त्व राष्ट्राचें धोरण म्हणून मान्य केलें. फेब्रुवारी २०२० मध्यें स्टॉकहोम येथें जमलेल्या अनेक राष्ट्रांच्या परिषदेनें असें जाहीर केलें, कीं जेथें माणसें, सायकली व मोटारी एकत्र वावरतात तेथें वेग ताशीं ३० किलोमीटरांहून अधिक असूं नये. आपण वर केलेला हिशेब पाहिला म्हणजे तीसचाच आंकडा कां निवडला असावा, हें आपणांस सहज उमजेल.

परंतु 'वाहनें हळू चालवा' अशी नुसती पाटी लावल्यानें वेग कमी होतो काय? याचें उत्तर आपल्या पूर्वजांनीं किल्ले बांधतांना देऊन ठेवलें आहे. रायगडाचा महादरवाजा ज्यांनीं पाहिला असेल त्यांस आठवेल, कीं तो समोरून सरळ दिसत नाहीं. दोन बुरुजांच्या मधून वाट वळून दरवाजाशीं येते. यास गोमुखी रचना म्हणतात. शत्रूस वेगानें चाल करून थेट दरवाजावर धडकतां येऊं नये, वळणापाशीं त्याची गति आपोआप मोडावी, हा त्यांतील हेतु. तेथें 'हळू या' अशी पाटी लावण्याची जरुरी पडली नाहीं. दगडांनींच तें सांगितलें. रस्त्याचेंहि असेंच आहे. रुंद, सरळ व गुळगुळीत रस्ता हांकणाऱ्यास 'पळ' म्हणतो. अरुंद, वळणाचा व सावलीचा रस्ता त्यास 'जपून' म्हणतो.

म्हणून चौक सुधारतांना प्रथम कोपरे पाहावे. पुष्कळ ठिकाणीं गाड्यांच्या सोयीसाठीं कोपरे गोल व मोठे करितात. त्यामुळें वळणारी गाडी वेग न मोडतां वळते, आणि पायीं जाणारास ओलांडण्याचें अंतर मात्र वाढतें. कोपरा जरा टोंकदार ठेवला व पदपथ थोडा पुढें आणला, तर गाडीस मंद व्हावेंच लागतें व ओलांडण्याचें अंतर कमी होतें. लहान मूल एका सेकंदांत सुमारें एक मीटर चालतें. सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास त्यास सात सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळांत ५० च्या वेगाची गाडी ९७ मीटर चालून येते. रस्त्याच्या मधोमध लहानसा ओटा ठेवला तर तें मूल एका वेळीं एकाच दिशेकडे पाहून, मध्यें विसांवा घेऊन, दोन टप्प्यांत पलीकडे जाऊं शकतें. म्हाताऱ्या माणसांस व डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळिणींसहि असा ओटा मोठाच आधार होईल.

दुसरी गोष्ट चौकांतील वर्तुळाची. दोन रस्ते एकमेकांस छेदतात तेथें गाड्यांचे मार्ग एकमेकांस मिळण्याचे, फुटण्याचे व छेदण्याचे मिळून ३२ बिंदु होतात. कागदावर रेघा ओढून आपण हे मोजून पाहावे. एक रस्ता दुसऱ्यास येऊन मिळतो अशा तिठ्यावर ते ९ असतात. परंतु त्याच चौकांत मध्यें गोल बेट करून सर्वांनीं एकाच दिशेनें फिरावयाचें ठरविलें, तर हे बिंदु अवघे ८ उरतात, आणि समोरासमोरची धडक बहुतेक अशक्य होते. मात्र यास एक नियम पाळावा लागतो : आंत फिरणाऱ्यास आधीं जाऊं द्यावें व बाहेरच्यानें थांबावें. ब्रिटनमध्यें हा नियम १९६६ सालीं लागू झाला; त्यापूर्वीं तेथील वर्तुळें गाड्यांनीं तुंबून जात असत. नियमावांचून वर्तुळ म्हणजे कांट्यांवांचून घड्याळ.

तिसरी गोष्ट गतिरोधकाची. आपल्याकडे कोठें अपघात झाला कीं लोक रातोरात सिमेंटचा उभा बांध घालतात. त्यावर सायकलस्वार आदळतो, गरोदर स्त्रीस रिक्षांत धक्का बसतो, आणि पावसांत त्याच्या कडेस पाणी सांचतें. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनें यासाठीं जें माप दिलें आहे तें असें : रुंदी ३.७ मीटर व मध्यावरची उंची अवघी १० सेंटिमीटर. असा पसरट उंचवटा गाडी सुमारें २५ किलोमीटर वेगानें धक्क्यावांचून ओलांडते. अधिक वेगाच्या गाडीसच तो जाचतो. शाळेसमोर या उंचवट्याचा माथा सपाट करून त्यावरच पांढरे पट्टे काढले, तर मूल खालीं न उतरतां पदपथाच्या पातळीवरून पलीकडे जातें आणि हांकणाऱ्यास तें दुरूनच उंचावर दिसतें.

चौथी गोष्ट पदपथाची. याच संस्थेच्या मापाप्रमाणें पदपथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर असावी व त्याची उंची रस्त्यापासून १५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी. रुंदी इतकी असली म्हणजे समोरासमोरून येणारीं दोन माणसें रस्त्यावर न उतरतां एकमेकांस वाट देऊं शकतात, आणि चाकाच्या खुर्चींतील माणूसहि जाऊं शकतो. उंची बेताची असली म्हणजे आजीबाई त्यावर चढतात. नाहीं तर पदपथ बांधूनहि माणसें रस्त्यावरूनच चालतात. आपल्या भागांत पाऊस फार. जुलै २०१८ मधील पुरांत वसई-विरारमध्यें पाणी कसें तुंबलें होतें हें पालकांस आठवतच असेल. तेव्हां गटार खोल व साफ ठेवून त्यावर मजबूत झांकणें घालावीं व त्यांवरून पदपथ न्यावा. एकाच जागेंत पाणीहि वाहील व माणूसहि चालेल. झांकण तुटलेलें राहिलें तर मात्र तोच पदपथ सापळा होतो, कारण पाण्याखालचा खड्डा कोणासहि दिसत नाहीं.

आतां सायकलीविषयीं. सायकल हें गरिबाचें वाहन अशी कित्येकांची समजूत आहे. परंतु युरोपांतील हॉलंड देशांत आज थोर-लहान सारेच सायकलवर बसतात. हें तेथें आपोआप घडलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेंहि मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले, आणि १९७१ सालीं त्या लहानशा देशांत तीन हजारांहून अधिक माणसें रस्त्यावर मेलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. ज्याची स्वत:ची मुलगी अपघातांत गेली अशा एका पत्रकारानें १९७२ मध्यें लेख लिहिला, आणि त्यांतून 'मुलांची हत्या थांबवा' या नांवाची चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांस घेऊन रस्त्यांवर बसले. पुढें १९७३ मध्यें तेलाची टंचाई आली व कांहीं रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हां लोकांस आपले रस्ते मोटारींवांचून कसे दिसतात हें कळलें. त्यानंतर सायकलींसाठीं वेगळ्या वाटा झाल्या, वस्तींतील गल्ल्यांतून मोटारींनीं माणसाच्या चालीनें जावें असा कायदा १९७६ मध्यें झाला, आणि रस्त्यावरील मृत्यु पुढील दशकांत कमी कमी होत गेले. ज्या देशास आज आपण सायकलींचा देश म्हणतों, तो आईबापांच्या दु:खांतून व निश्चयांतून घडला आहे.

आपल्या देशाचें चित्र गंभीर आहे. सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत १,६८,४९१ माणसें रस्त्यावरील अपघातांत मृत्यु पावलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. म्हणजे दर पांच मृतांतील एक जण कोणत्याहि वाहनांत बसलेला नव्हता. पूर्वीं सायकलींचें शहर म्हणून ज्याची ख्याति होती त्या पुण्यानें या बाबतींत विचार आरंभिला आहे. तेथील महानगरपालिकेनें २०१६ मध्यें पादचाऱ्यांसाठीं धोरण ठरविलें, आणि ११ डिसेंबर २०२१ रोजीं गजबजलेला लक्ष्मी रस्ता दिवसभर वाहनांस बंद ठेवून तेथें पादचारी दिन पाळला. एका दिवसानें रस्ता सुधारत नाहीं हें खरें. परंतु रस्ता हा मुळांत माणसाचा आहे, याची त्या दिवशीं हजारोंना आठवण झाली.

येथें कोणी म्हणेल, "एवढा खटाटोप कशास? रस्ता रुंद केला म्हणजे झालें." या म्हणण्याचा आम्हीं शांतपणें विचार केला आहे. रस्ता रुंद करावयाचा तर कोणाची वाडी जाईल, कोणाचें अंगण जाईल, आणि शंभर शंभर वर्षांचीं झाडें जातील. इतकें करूनहि वेग वाढेल, ओलांडण्याचें अंतर वाढेल आणि सावली मात्र जाईल. रुंदी जेथें खरोखर अपुरी आहे तेथें ती अवश्य वाढवावी, परंतु वाढलेली जागा प्रथम चालणाऱ्यास व सायकलस्वारास द्यावी. झाडें तोडण्याऐवजीं त्यांच्या बुंध्यांस पांढरे पट्टे द्यावे व रात्रीं प्रकाशांत चमकणाऱ्या तबकड्या लावाव्या. दुसरा कोणी म्हणेल, "मासळी व भाजी विकणाऱ्या बाया रस्ता अडवितात, त्यांस उठवा." आमचा अनुभव उलट आहे. जेथें त्या बसतात तेथें मोटारी मंद होतात. त्यांस उठविण्यापेक्षां कोपऱ्यापासून थोडी दूर अशी ओट्याची जागा नेमून द्यावी; त्यांचें पोटहि चालेल व चौकहि मोकळा दिसेल. किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांसहि वस्तीबाहेर जागा असली, तर शेवटचा तुकडा ते पायीं चालतील आणि वाटेंतील दुकानदारांचाहि फायदाच होईल.

रस्त्याची मालकी कोणाची, हें न कळल्यानें पुष्कळ अर्ज फुकट जातात. ३ जुलै २००९ रोजीं वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली व १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा पालघर जिल्हा झाला. विरारचे रस्ते महानगरपालिकेकडे, अर्नाळ्याच्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडे, कांहीं रस्ते जिल्हा परिषदेकडे तर कांहीं सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वीं तो तुकडा कोणत्या खात्याचा आहे हें विचारून घ्यावें; माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा त्यासाठींच आहे. अर्जांत राग कमी असावा व माप अधिक असावें. 'येथें फार धोका आहे' या वाक्यापेक्षां 'येथें येणारी गाडी चौदा मीटरांपूर्वीं दिसत नाहीं' हें वाक्य अधिक काम करितें. ग्रामसभा वर्षांतून अनेकदां भरते. तेथें प्रौढ पालकांनीं उठून बोलावें.

परंतु सरकारी काम होईपर्यंत आपण हात बांधून बसावें असें नाहीं. त्या कोपऱ्यावर पुढें काय झालें तें सांगतों. आम्ही टेप गुंडाळून निघणार तोंच दुकानदार बाहेर आले व कशाचें माप घेतां म्हणून विचारूं लागले. आम्हीं त्यांस मुलाच्या जागीं उभें केलें. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "मी येथें इतकीं वर्षें आहें, पण येथून कधीं पाहिलें नव्हतें." त्याच संध्याकाळीं खोकीं मागच्या बाजूस गेलीं. वाडीच्या मालकांनीं वेल छाटली. शेजाऱ्यांनीं आपसांत ठरवून कोपऱ्याजवळ गाड्या उभ्या करणें बंद केलें, आणि रस्त्याबाहेरच्या खाजगी जागेंत, मालकांच्या संमतीनें, मुलांनीं धोंडे मांडून त्यांस चुना दिला. पुन्हां टेप धरली तेव्हां चौदा मीटरांचे एकतीस मीटर झाले होते. वरील हिशेबाशीं हें ताडून पाहा : कोरड्या रस्त्यावर ५० च्या वेगाची गाडी आतां तेथें थांबूं शकते. खर्च एक बादली चुन्याचा झाला. मात्र पावसाळ्यांत त्याच गाडीस ४१ मीटर लागतात हें विसरून चालणार नाहीं. तेव्हां वेग कमी करणारा उंचवटा तेथें हवाच आहे, आणि त्यासाठीं अर्ज करणें हें मोठ्यांचें काम शिल्लक आहे.

पालकांस आमची एक नम्र विनंती आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं दुचाकी देणें हें लाड नव्हेत. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें मोटार वाहन कायद्यांत अशा गुन्ह्याबद्दल पालकास अथवा गाडीच्या मालकास पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. परंतु कायद्याहून मोठी शिक्षा आयुष्यभर मनांत राहते. तसेंच, अपघातग्रस्तास मदत करणाऱ्या माणसास कायद्याचें संरक्षण आहे. तेव्हां कोणी पडलेला दिसल्यास न भितां १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणि विद्यार्थिमित्रहो, आपलीं कर्तव्यें थोडीं परंतु नित्याचीं आहेत. पदपथ नसेल तेथें समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूनें, एकामागें एक चालावें. सायकल डावीकडून चालवावी; टेम्पोस धरून ओढून घेऊं नये. दोन्ही ब्रेक, घंटा आणि मागची लाल चकती दर सोमवारीं तपासावी. पावसांत गडद रंगाच्या रेनकोटापेक्षां उजळ रंगाचा घ्यावा. उभ्या एस. टी. च्या पुढून कधींहि रस्ता ओलांडूं नये. ती जाऊं द्यावी.

शेवटीं एक गृहपाठ. मोठ्या माणसास बरोबर घेऊन, रस्त्याच्या बाहेर उभे राहून, पन्नास मीटर अंतरावरच्या दोन खुणा निवडा. गाडी पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंदांत जाते तें घड्याळानें मोजा. सहा सेकंद लागले तर तिचा वेग ताशीं ३० किलोमीटर. साडेतीन सेकंदांच्या आसपास लागले तर ५० च्या वर. अर्धा तास असें मोजून वहींत लिहा; त्याच वेळांत किती माणसें पायीं गेलीं, किती सायकली गेल्या, तेंहि लिहा. पुढील वर्षीं हीं पानें एकत्र करून आपल्या वाटेचा नकाशा काढूं व ज्यांच्याकडे तो न्यावयाचा त्यांच्याकडे नेऊं.

तो मुलगा दिवाळीनंतर काठी टेकीत शाळेंत आला. पहिल्या दिवशीं आम्ही त्यास त्या कोपऱ्यावर घेऊन गेलों. तो आपल्या जुन्या जागीं उभा राहिला, त्यानें उजवीकडे पाहिलें, डावीकडे पाहिलें, आणि म्हणाला, "गुरुजी, आतां खूप लांबचें दिसतें." पांढऱ्या धोंड्यांच्या बाजूनें तो सावकाश पुढें चालूं लागला. आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास आपल्या वाटेवर असें लांबचें दिसावें, आणि तो रोज संध्याकाळीं सुखरूप घरीं पोहोंचावा, इतकीच आमची इच्छा आहे.